कंबोडियाला जायच्या आधी काय वाचावं, कुठे शोधावं

प्रश्न थोडक्यात असा: एकजण जानेवारीत आईवडिलांना घेऊन सात दिवस कंबोडियाला निघालेत. वडील सत्तरीचे, आई शाळेत संस्कृत शिकवून रिटायर झालेल्या. हातात दोन महिने आहेत. नेटवर शोधलं की तीच दहा ठिकाणं, तेच सूर्योदयाचे फोटो आणि "जगातलं सगळ्यात मोठं हिंदू मंदिर" हे एक वाक्य, त्यापुढे काही नाही. इतिहास, संस्कृती आणि प्रवास, तिन्हींसाठी भरवशाचं साहित्य कुठे मिळेल असं त्यांनी विचारलंय.

मी गेली चौदा वर्षं पुण्याहून छोटे ग्रुप घेऊन तिकडे जातेय, दरवेळी आठ-दहा माणसं, आणि निघायच्या आधी आम्ही चार-पाच रविवार बसून वाचतो. त्यामुळे काय वाचून गेलं की तिथे डोळे उघडतात आणि काय वाचून उलट डोक्यात गोंधळ होतो, हे बऱ्यापैकी कळलंय. सविस्तर लिहिते, जरा लांब होईल.

पहिली गोष्ट, तुमची अडचण साहित्य कमी असण्याची नाहीये. आंगकोर, म्हणजे कंबोडियाच्या ख्मेर राजांची जुनी राजधानी आणि तिथली देवळं, यावर शंभर-सव्वाशे वर्षं लोक लिहीतच आहेत. अडचण अशी की नेटवरचं नव्वद टक्के लिखाण दुसऱ्याचं वाचून तिसऱ्याने लिहिलेलं असतं आणि चौथा ते कॉपी करतो. म्हणून मी ग्रुपमधल्या सगळ्यांना एकच सवय लावायचा प्रयत्न करते, कुठलंही वाक्य वाचलं की विचारायचं, हे याला कसं कळलं? शिलालेखातून, भिंतीवर कोरलेल्या चित्रातून, त्या काळी तिथे गेलेल्या माणसाच्या लिखाणातून, की खोदकामातून? उत्तर मिळालं तर एक पाऊल मुळाकडे जायचं. नाही मिळालं तर ते वाक्य सोडून द्यायचं. तेवढ्याने ढीग निम्मा होतो.

किती खोल जायचं हे मात्र तुमच्यावर आहे. सात दिवसांत आंगकोरच्या देवळांजवळचं सियाम रीप आणि आजची राजधानी नोम पेन्ह दोन्ही करणार असाल तर वाचनाचे दोन भाग पडतील, फक्त सियाम रीप असेल तर एक. वडिलांचे गुडघे कसे आहेत यावरही बरंच ठरतं, त्यावर पुढे येते.

आता इतिहास. इथे मराठी माणसाला एक फायदा आहे जो आपल्याला माहीतच नसतो. कंबोडियाचे जुने शिलालेख शक कालगणनेत आहेत, म्हणजे आपलं शके. बांतेय स्रेय या छोट्याशा लालसर दगडाच्या देवळाचा लेख शके 889 चा, त्यात 78 मिळवा, इ.स. 967. ता प्रोहम या दुसऱ्या देवळाचा शके 1108 चा, म्हणजे 1186. घरी कालनिर्णय लावणाऱ्याला हे समजावून सांगायला लागत नाही. आईंना तर आणखी गंमत वाटेल, कारण संस्कृत लेखांत वर्ष बऱ्याचदा आकड्यांत नसून शब्दांत असतं, चंद्र म्हणजे 1, नेत्र म्हणजे 2, वेद म्हणजे 4, आणि वाचायचं उजवीकडून, अंकानां वामतो गतिः. आकड्यातली वर्षंही आहेत, आणि त्यातली एक फार मोलाची. शके 605 म्हणजे इ.स. 683 चा एक लेख आहे, त्यातल्या 605 मधलं शून्य एका ठिपक्याने दाखवलंय. जगात कुठे दिनांक घालून कोरलेली जी सगळ्यात जुनी शून्यं सापडलीत त्यातलं हे एक.

हे लेख कुठे मिळतील? प्रत्येक लेखाला अभ्यासकांनी के (K) अक्षराचा नंबर दिलाय, ता प्रोहमचा के 273, बांतेय स्रेयचा के 842, आणि ज्या लेखावरून आंगकोरच्या राज्याचा पाया घालणाऱ्या जयवर्मन दुसरा याच्या राज्याभिषेकाची गोष्ट कळते तो सदोक काक थोम देवळाचा के 235. हा नंबर टाकून शोधलं की एकदम वेगळ्या दर्जाचं साहित्य समोर येतं, देवळाचं नाव टाकून हॉटेलच्या जाहिराती येतात. हे लेख वाचून छापण्याचं मोठं काम जॉर्ज सेदेस या फ्रेंच पंडिताने केलं, त्याचे आठ खंड 1937 ते 1966 च्या दरम्यान निघाले. फ्रेंच येत नाही म्हणून घाबरू नका. रमेशचंद्र मजुमदार यांनी 1953 मध्ये कंबुजच्या लेखांचं एक पुस्तक कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडून काढलं, ते इंग्रजीत आहे, लेखांचा सारांशही आहे. पुण्यात भांडारकर किंवा डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात, मुंबईत असाल तर एशियाटिकमध्ये जाऊन विचारा, ग्रंथपालांना नीट सांगितलं काय हवंय तर ते मनापासून शोधून देतात. जुन्या पुस्तकांचे स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवर असतात तेही बघा.

पण मजुमदारांचं पुस्तक वाचताना काळ लक्षात ठेवा. 1926 मध्ये कलकत्त्यात ग्रेटर इंडिया सोसायटी निघाली होती, त्या पिढीला पारतंत्र्यात असताना आपल्या पूर्वजांचं मोठेपण दाखवायचं होतं, त्यामुळे तिकडे जे जे चांगलं ते भारतीयांनी नेलं असा सूर त्या सगळ्या लिखाणात येतो. फ्रेंचांचं वेगळं, त्यांना आपण हरवलेलं शहर शोधून काढलं हे सांगायचं होतं. आजही ज्या लेखात "1860 मध्ये आंरी मुओने आंगकोर वटचा शोध लावला" असं लिहिलेलं दिसेल तो लेख मी तिथेच बंद करते. आंगकोर वट हरवलंच नव्हतं, तिथे भिक्षू राहत होते, पूजा चालू होती. 1632 साली एक जपानी यात्रेकरू तिथे येऊन खांबावर शाईने चांगला लांबलचक मजकूर लिहून गेलाय. मजुमदारांची पिढी काय आणि फ्रेंच काय, दोघांचेही वाचन आणि मापं कामाची आहेत, सूर तेवढा वेगळा काढून ठेवायचा.

आपण "आपलं" शोधायला गेलो की काय निसटतं ते एका उदाहरणावरून सांगते. कंबोडियाच्या शिलालेखांत दोन भाषा आहेत, संस्कृत आणि जुनी ख्मेर. संस्कृतात देवांची स्तुती, राजाचं वर्णन, वंशावळ. ख्मेर भागात जमिनीच्या हद्दी, तांदूळ, गुरं, आणि देवळात राबणाऱ्या माणसांच्या याद्या, एकेकाचं नाव घेऊन. आपण संस्कृत ओळखीचं म्हणून तेवढंच वाचतो, राजे पाठ होतात आणि ज्यांनी तांदूळ पिकवला ती माणसं आपल्या डोळ्यांसमोर येतच नाहीत. मी स्वतः पहिली काही वर्षं ग्रुपला फक्त संस्कृत भागच सांगायचे. मग एकदा तिथल्या एका अभ्यासक बाईंनी शांतपणे विचारलं, की तुम्ही अर्धाच दगड का दाखवता? तेव्हापासून दोन्ही दाखवते.

सुरुवात मात्र एकाच लेखापासून करा. मी ता प्रोहमचा सुचवते. झाडाची मुळं भिंतीवर चढलेली असतात ते देऊळ, फोटो तुम्ही पाहिलेच असतील, पण त्याचा लेख वाचून गेलं की झाडांकडे कमी आणि भिंतींकडे जास्त लक्ष जातं. सातव्या जयवर्मनने ते बांधलं, मूळ नाव राजविहार. लेखात तिथे राबणाऱ्या आणि राहणाऱ्या माणसांचा आकडा 12,640 दिलाय, आणि राज्यभरातल्या 102 आरोग्यशाळांचा उल्लेख आहे, त्यांना लागणारा तांदूळ, मध, कापूर असा हिशोबासकट. एका वेगळ्या लेखात, जो आरोग्यशाळांच्या जागी लावलेला असायचा, असा अर्थ येतो की प्रजेच्या शरीराचं दुखणं राजाला मनाचं दुखणं होऊन जास्त सलतं, कारण राजाचं दुःख ते राज्याचं दुःख, स्वतःचं नव्हे. आता हा राजाने स्वतःबद्दल कोरून घेतलेला मजकूर आहे, त्यामुळे सगळं तसंच होतं असं धरून चालू नका, पण अमुक इतका मध अमुक इतका कापूर असं कोरायला लावणारी व्यवस्था होती एवढं नक्की.

आता बाहेरून आलेल्या माणसाची साक्ष. 1296 मध्ये चीनच्या दरबाराकडून एक शिष्टमंडळ आंगकोरला आलं, त्यात चौ ता-कुआन नावाचा गृहस्थ होता, सुमारे वर्षभर राहिला आणि परत जाऊन त्याने तिथल्या चालीरीतींवर लिहिलं. छोटंसं आहे, एका संध्याकाळी वाचून होतं. त्या काळच्या आंगकोरचं डोळ्यांनी बघून केलेलं असं वर्णन दुसरं नाही. तुमच्याकडे वेळ अगदी कमी असेल आणि एकच गोष्ट वाचणार असाल तर ही वाचा. जुनी इंग्रजी भाषांतरं फ्रेंचवरून केलेली आहेत, पीटर हॅरिस यांचं 2007 चं थेट चिनीवरून आहे, ते घ्या. तो लिहितो की तिथला सगळा व्यापार बायका करतात, दुकानं नसतात, जमिनीवर चटईसारखं अंथरून माल मांडतात आणि बाजार दुपारपर्यंत उठतो, बसायच्या जागेचं भाडंही द्यावं लागतं. हे वाचून बायोन देवळाच्या बाहेरच्या भिंतीसमोर उभं राहा, दक्षिणेच्या बाजूला. तिथे बाजार कोरलाय, मासळी आहे, बायका बसल्यात, पुढे कोंबड्यांची झुंज लागलीय, एक बाई बाळंत होतेय. चौ ता-कुआन आला त्याच्या शंभरेक वर्षं आधीचं हे कोरीवकाम, पण दोन वेगळ्या साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगितली की आपला विश्वास बसतो. त्याच्या लिखाणात स्थानिक लोकांना रानटी समजणारा दरबारी माणूस मधूनमधून डोकावतो, ऐकीव गोष्टीही आहेत, तेवढं धरून वाचायचं.

देवळं प्रत्यक्ष बघताना हातात काय असावं? मोरिस ग्लेझ 1937 ते 1945 आंगकोरच्या जतनकामाचा प्रमुख होता, त्याचं मार्गदर्शक पुस्तक 1944 चं, त्याचं इंग्रजी भाषांतर पीडीएफ म्हणून नेटवर फुकट मिळतं. ऐंशी वर्षं जुनं आहे, तरी कुठल्या दाराने आत जाऊन कुठे वळायचं, कुठल्या कोपऱ्यात काय कोरलंय हे इतकं नेमकं आजही फार कमी ठिकाणी आहे. त्यातले रस्ते, वेळा, झाडी हे सगळं बदललंय आणि इतिहासाचे काही तर्कही पुढे सरकलेत, ते सोडून द्या. 2012 मध्ये हेलिकॉप्टरमधून लेसर किरणांनी जमीन मोजली, लायडार म्हणतात ते, त्यात जंगलाखाली रस्त्यांची आणि तळ्यांची आखीव जाळी दिसली. देवाला दगड आणि माणसाला लाकूड अशी पद्धत असल्याने घरं सगळी कुजून गेली, म्हणून शहर कुठे होतं ते एवढी वर्षं दिसत नव्हतं. हे ग्लेझला माहीत असायचं कारणच नाही. म्हणून भिंतींसाठी ग्लेझ आणि शहरासाठी 2012 नंतरचं लिखाण, असं वाटून घ्या.

आंगकोर वटबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आईवडिलांसोबत तुमचा सगळ्यात जास्त वेळ इथे जाणार आणि जायलाच हवा. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मनने विष्णूसाठी बांधलं, तोंड पश्चिमेला. पुढे ते बौद्ध झालं आणि आजही बौद्धच आहे, तिथे नारिंगी चीवर घातलेले भिक्षू दिसतील, म्हणून "हिंदू मंदिर" एवढंच म्हणून थांबलं तर पुढची कित्येक शतकं पुसली जातात. कोरीवकामाची लांबलचक गॅलरी सगळ्यात खालच्या टप्प्यावर आहे, हे वडिलांसाठी फार बरं. वरच्या मजल्याचा जिना अगदी उभा आहे, पौर्णिमा-अमावास्येसारख्या बौद्ध उपासनेच्या दिवशी तो बंदही असतो, आणि तिथे नाही गेलं तरी फार काही बुडत नाही. पश्चिमेच्या दाराने आत गेलात की उजवीकडे वळा. म्हणजे देऊळ आपल्या डाव्या हाताला राहतं आणि आपण अपसव्य फिरतो. चित्रांचा क्रमच तसा आहे. यावरून हे देऊळ राजाच्या मृत्यूनंतरच्या स्मारकासाठी असावं असा तर्क बऱ्याच अभ्यासकांनी केलाय, त्यावर वाद आहे, पण अपसव्य म्हणजे काय हे ज्याला घरच्या श्राद्धामुळे माहीत आहे त्याला तो तर्क लगेच कळतो.

उजवीकडे वळलं की कुरुक्षेत्र. एका बाजूने कौरव, दुसऱ्या बाजूने पांडव, कडेला शिस्तीत चालणारे सैनिक आणि मध्ये येईपर्यंत सगळं एकमेकांत मिसळलेलं. कौरवांच्या बाजूला वर भीष्म शरपंजरी पडलेले दिसतात, अर्जुनाच्या रथावर चार हातांचा कृष्ण. पूर्वेच्या बाजूला समुद्रमंथन आहे, जवळजवळ पन्नास मीटर लांब भिंत. मधोमध विष्णू, खाली कूर्म, एकीकडे असुर एकीकडे देव, वासुकी धरून ओढतायत. आता इथे प्रत्येक ग्रुपमध्ये कोणीतरी थबकतं, कारण देवांच्या शेवटी शेपटाकडे एक मोठा वानर आहे, त्याला बहुतेक जण हनुमान म्हणतात. समुद्रमंथनात हनुमान कुठून आला? पहिली प्रतिक्रिया असते की यांनी चूक केली. मी तिथे पाच मिनिटं गप्प बसायला सांगते आणि फक्त बघा म्हणते. त्यांनी आपली गोष्ट ऐकली, आपल्यासारखी सांगितली, तिच्यात स्वतःचं घातलं. आपल्याकडेही एका गावची कथा दुसऱ्या गावात बदलते, मग इथे का बदलू नये? ही भिंत सकाळीच बघा, पूर्वेचा उजेड तेव्हाच चांगला पडतो, आणि सूर्योदयाची गर्दी सातच्या पुढे नाश्त्याला पांगते तेव्हा गॅलरीत बऱ्यापैकी शांतता असते.

एक घरचा अभ्यासही सांगते, फुकटातला. जायच्या आधी एखाद्या शनिवार-रविवारी वेरूळला जाऊन या आणि कैलास लेण्यात रावण कैलास हलवतोय ते शिल्प निवांत बघा, फोटो काढून ठेवा. बांतेय स्रेयला दक्षिणेकडच्या छोट्या इमारतीच्या कमानीवर तोच प्रसंग आहे. वेरूळचा रावण खाली अंधारात, खोल कोरलेला, सगळा भार अंगावर. तिकडे कैलास म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा ढीग, वर पार्वती शिवाला बिलगलीय, खालच्या पायऱ्यांवर ऋषी आणि प्राणी सैरावैरा. दोन फोटो शेजारी ठेवून आईवडिलांशी जी चर्चा होईल ती कुठल्याच व्हिडिओत मिळणार नाही.

संस्कृतीसाठी पुस्तकांपेक्षा कॅलेंडर चांगलं. ख्मेर महिन्यांची नावं ऐका, फोत्रोबोत म्हणजे भाद्रपद, कादेक म्हणजे कार्तिक. फोत्रोबोतच्या वद्य पक्षात तिथे पंधरा दिवस प्चुम बेन असतो, पितरांसाठी पहाटे देवळाभोवती भाताचे गोळे टाकतात. आपला पितृपक्ष आणि हा बहुतेक वर्षी एकाच पंधरवड्यात येतो. कार्तिक पौर्णिमेच्या सुमाराला नोम पेन्हला होड्यांच्या शर्यतींचा मोठा उत्सव, आणि त्यामागे एक भूगोल आहे. पावसाळ्यात मेकाँग नदी इतकी फुगते की तिला मिळणारी तोन्ले साप नदी उलटी वाहायला लागते, पाणी त्याच नावाच्या तळ्यात शिरतं आणि तळं कितीतरी पट पसरतं, पावसाळा संपला की नदी परत फिरते. त्या परतीचा उत्सव. जेवणातला मासा, मुरवलेल्या माशाचं प्राहोक, लाकडी खांबांवरची घरं, सगळं या तळ्याशी जोडलेलं आहे. तुम्ही शाकाहारी असाल तर हे आधीच कळलेलं बरं, कारण मांस नको म्हटलं तरी भाजीत फिश सॉस पडतोच, वेगळं स्पष्ट सांगावं लागतं. रामायणाची तिथली कथा रामकेर, तिच्यातला हनुमान मत्स्यकन्येच्या प्रेमात पडतो. मोठ्या कातडी बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ, स्बेक थोम, हा युनेस्कोच्या यादीत आहे, सियाम रीपला असताना प्रयोग असेल तर सोडू नका. आणि तिथेच भारताच्या सहकार्याने उभं राहिलेलं पारंपरिक वस्त्रांचं एक संग्रहालय आहे, मेकाँग-गंगा सहकार्यातलं, आईंना आवडेल, गर्दीही नसते.

आता ज्या भागाला बहुतेक मराठी टूर हात लावत नाहीत त्याबद्दल. तुमचं वाचन तेराव्या शतकात संपवू नका. 17 एप्रिल 1975 ते 7 जानेवारी 1979 ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेची सत्ता होती, त्यात पंधरा ते वीस लाख माणसं मेली, उपासमारीने, रोगाने, राबवून, मारून. तेव्हा देशाची लोकसंख्या ऐंशी लाखांच्या आत होती, म्हणजे प्रत्येक घरात. नोम पेन्हमधलं तुओल स्लेंग ही मुळात शाळा, तिचा तुरुंग केला. 2025 च्या जुलैमध्ये ते आणि च्युंग एकची वधभूमी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. वाचायला डेव्हिड चँडलर यांचा कंबोडियाचा इतिहास घ्या, पहिल्या शतकांपासून अलीकडपर्यंत एका पुस्तकात आणि भाषा सोपी. डॉक्युमेंटेशन सेंटर ऑफ कंबोडिया या संस्थेने वाचलेल्या माणसांच्या मुलाखती आणि कागदपत्रं जमवलीत, त्यांनी 2007 मध्ये शाळांसाठी काढलेलं या काळाचं पाठ्यपुस्तक मला सगळ्यात संयत वाटतं. नोम पेन्हमध्ये बोफाना सेंटर आहे, तिथे जुन्या फिल्म आणि ध्वनिमुद्रणं कोणालाही बसून बघता येतात.

आईवडिलांना तुओल स्लेंगला न्यायचं की नाही हे तुम्हीच ठरवा. फोटोंच्या भिंतीसमोर माझ्या ग्रुपमधली दोन माणसं पुढे जाऊच शकली नाहीत, बाहेर चाफ्याखाली बसून राहिली, आणि ते अगदी बरोबर होतं. पण वाचून मात्र नक्की जा. कारण तुमचा टुकटुकवाला पन्नाशीच्या पुढचा असेल तर त्याचं लहानपण त्या काळातलं आहे. एकदा आमच्यातल्या एकाने पहिल्याच दिवशी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्या घरचे कोणी गेले का? त्याने चार बोटं वर केली आणि गाडी चालवत राहिला, दिवसभर एक शब्द बोलला नाही. असं विचारायचं नसतं. ते स्वतःहून सांगतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि तेव्हा आपल्याला निदान तारखा माहीत असाव्यात म्हणजे मध्ये थांबवून प्रश्न विचारावे लागत नाहीत. आपल्या देशाचा एक धागा इथेही आहे. 1986 ते 1993 या काळात, देश अजून धड सावरला नव्हता तेव्हा, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची माणसं आंगकोर वटवर काम करत होती. दगड साफ करायच्या त्यांच्या पद्धतीवर पुढे टीकाही झाली, ती वाचा, पण वयस्कर ख्मेर माणसं अजून आठवण काढतात तेव्हा बरं वाटतं.

प्रवासाची माहिती, हे सगळ्यात पटकन शिळं होणारं प्रकरण, म्हणून ते शेवटच्या दोन आठवड्यांत बघा, आत्ता नको. शिळं ओळखायची माझी एक खूण आहे. सियाम रीपचा विमानतळ गावापासून दहा-पंधरा मिनिटांवर आहे असं लिहिलेलं दिसलं की तो लेख ऑक्टोबर 2023 च्या आधीचा, कारण नवा विमानतळ चाळीसेक किलोमीटर लांब आहे. नोम पेन्हचाही विमानतळ सप्टेंबर 2025 मध्ये बदलला. व्हिसा सरकारी साईटवरूनच काढा, सरकारी वाटाव्यात अशा खाजगी साईट गूगलवर आधी येतात आणि जास्त पैसे घेतात. आंगकोरचं तिकीट 2017 पासून एक दिवसाचं 37, तीन दिवसांचं 62 आणि सात दिवसांचं 72 डॉलर आहे, तरी आंगकोर एंटरप्राइझच्या अधिकृत साईटवर एकदा बघून घ्या. तीन दिवसांचं घ्या, ते दहा दिवसांत कधीही वापरता येतं, सलग जायची सक्ती नाही, त्यामुळे वडिलांना एक दिवस आड विश्रांती मिळते. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे लागतात. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, जरा फाटलेली असेल तर घेत नाहीत. थायलंडहून जमिनीवरून जायचा विचार असेल तर सोडा, 2025 मध्ये त्या सीमेवर लढाई होऊन चौक्या बंद झाल्या. प्रेआ विहेअरचं देऊळ त्याच सीमेवर आहे, तिकडचा बेत करायच्या आधी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा.

तर दोन महिन्यांची वाटणी मी अशी करेन: पहिले दोन आठवडे चौ ता-कुआन आणि ता प्रोहमचा लेख, मग तीन आठवडे चँडलर, हवं तर प्रकरणं निवडून, मग वेरूळ आणि ग्लेझमधली तुम्ही बघणार असाल तेवढीच देवळं, शेवटी तिकिटं-व्हिसा. सियाम रीपला पोचल्यावर आणखी वाचावंसं वाटलं तर वाट दामनाक या मठाच्या आवारात सेंटर फॉर ख्मेर स्टडीजचं ग्रंथालय आहे, दुपारी अकरा ते तीन उन्हात देवळं फिरण्यापेक्षा तिथे बसा.

आणि आईंसाठी एक वेगळं काम. ख्मेर लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीतून आलीय, म्हणजे आपल्या लिपीची लांबची बहीण. जुन्या ख्मेर अक्षरांचा तक्ता नेटवर मिळतो, तो मोठ्या अक्षरात छापून आत्ताच त्यांच्या हातात द्या, रोज दोन अक्षरं. मग सियाम रीपपासून जवळच लोलेई नावाचं विटांचं देऊळ आहे, शके 815 चं, फारसं कोणी जात नाही, तिथे दाराच्या दगडी चौकटींवर ओळीच्या ओळी कोरलेल्या आहेत, इतक्या स्वच्छ की काल कोरल्यासारख्या. त्यात देवळात राबणाऱ्या माणसांची नावं आहेत. सकाळी लवकर जा, ऊन तिरपं असतं तेव्हा अक्षरं उठून दिसतात, आणि आईंना घाई करू नका, एखादं नाव लागेपर्यंत वेळ लागतो.